एका काउंटीतील रानबदकाची बदलती स्थिती कशी तपासावी: रटलंडमधील गॅडवॉलच्या निमित्ताने

इंग्लंडमधील बहुतेक काउंट्यांच्या पक्षीसूचीत प्रत्येक जातीपुढे तिच्या स्थितीची एक ओळ दिलेली असते: ‘पूर्वी क्वचित, आता हिवाळ्यात मोठ्या संख्येने, काही जोड्यांची वीण.’ ही ओळ दिसते साधी, परंतु तिच्यात तीन वेगवेगळी विधाने असतात आणि प्रत्येक विधानाला वेगळा पुरावा लागतो. रानबदकांच्या बाबतीत तर ती विशेष जपून लिहावी लागते, कारण बदके एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर सहज जातात, एकाच ठिकाणी शेकड्यांनी जमतात, आणि त्यांची संख्या अनेकदा त्या काउंटीतील पाण्याच्या इतिहासाला बांधलेली असते. अशी ओळ पुराव्यानिशी कशी लिहावी, याची पद्धत येथे दिली आहे. उदाहरणासाठी गॅडवॉल हे बदक आणि रटलंड ही काउंटी निवडली आहे. काउंटी अगदी लहान आहे, तिच्या सीमांचा इतिहास गुंतागुंतीचा आहे, आणि 1970 च्या दशकात तिच्या मध्यभागी एक प्रचंड जलाशय उभा राहिला. त्यामुळे या कामात येणाऱ्या जवळजवळ सर्व अडचणी येथे एकत्र भेटतात.

या सर्व अडचणींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे आणि तो कामाच्या प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारावा लागतो: वाढले ते बदक, की मोजणारे, की पाणी?

आधी काउंटी कोणती, ते ठरवावे

रटलंड ही इंग्लंडमधील सर्वांत लहान ऐतिहासिक काउंटी असून तिचे क्षेत्रफळ सुमारे 382 चौरस किलोमीटर आहे. 1974 च्या प्रशासकीय फेररचनेत तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले आणि ती लेस्टरशरचा एक जिल्हा झाली. 1997 मध्ये ती पुन्हा वेगळी झाली. याखेरीज निसर्गनोंदींसाठी वापरली जाणारी एक तिसरीच चौकट आहे. ह्युएट कॉट्रेल वॉटसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1852 मध्ये ब्रिटनचे ‘व्हाइस-काउंटी’ नावाचे विभाग आखले. प्रशासकीय सीमा कितीही सरकल्या तरी हे विभाग बदलत नाहीत, आणि म्हणूनच दीर्घकालीन तुलनेसाठी ते उपयोगी पडतात. त्यातील 55 व्या विभागात लेस्टरशर आणि रटलंड एकत्र आहेत. 1941 मध्ये स्थापन झालेली लेस्टरशर अँड रटलंड ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीही दोन्ही काउंट्यांच्या नोंदी एकत्रच ठेवते.

याचा व्यावहारिक परिणाम असा की, जुन्या अहवालातील ‘काउंटीतील सर्वाधिक संख्या’ या शब्दांत कोणती काउंटी अभिप्रेत आहे, हे दर वेळी तपासावे लागते. सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे प्रत्येक नोंद स्थळाच्या नावासह आणि राष्ट्रीय नकाशा-जाळ्यातील संदर्भासह उतरवून घेणे, म्हणजे पुढे सीमा कोणतीही धरली तरी बेरीज नव्याने करता येते. 1970 च्या दशकातील तो प्रचंड जलाशय, म्हणजे रटलंड वॉटर, याचा मोठा भाग एसके 90 या दहा किलोमीटरच्या चौकोनात येतो. आयब्रूक जलाशय एसपी 89 मध्ये आहे.

आयब्रूकचा उल्लेख मुद्दाम केला. कॉर्बी येथील पोलाद कारखान्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला आणि 1940 मध्ये पूर्ण झालेला हा जलाशय नेमका रटलंड आणि लेस्टरशरच्या सीमेवर आहे. अशा पाण्यावरील बदकांची काउंटीनिहाय वाटणी करण्याचा अट्टहास करू नये. सकाळी एका काठाला असलेला थवा दुपारी दुसऱ्या काठाला असतो, त्यामुळे अशा वाटणीतून मिळणारा आकडा केवळ वेळेचा योगायोग ठरतो. संपूर्ण जलाशयाची गणना घ्यावी आणि ‘आयब्रूक पूर्ण धरले आहे’ असे स्पष्ट लिहावे.

पक्षी ओळखण्याच्या अडचणी आकड्यांत उतरतात

गॅडवॉल हे भडक बदक नाही. नर दुरून राखाडी दिसतो आणि त्याचा शेपटीकडील भाग ठळक काळा असतो. मादी मॅलार्ड या सर्वपरिचित रानबदकाच्या मादीसारखी तपकिरी असते, मात्र आकाराने थोडी लहान, पोटाकडे पांढरी आणि चोचीच्या दोन्ही कडांना नारिंगी रेषा असलेली. दोघांच्याही पंखावर शरीरालगत पांढरा चौकोनी ठिपका असतो आणि उडताना तो फार उपयोगी पडतो. पाण्यावर बसलेल्या पक्ष्यात मात्र तो अनेकदा झाकलेला राहतो. उन्हाळ्यात विणीनंतर नर पिसे टाकतो आणि काही महिने मादीसारखाच दिसतो. ऑगस्टमध्ये मॅलार्डच्या मोठ्या थव्यात मिसळलेले गॅडवॉल घाईच्या गणनेत सहज सुटतात.

स्थितीच्या अभ्यासात हे महत्त्वाचे का, तर चांगल्या दुर्बिणी आणि टेलिस्कोप सर्वांच्या हाती आल्यावर ओळख सुधारली. परिणामी जुन्या उन्हाळी आकड्यांत गॅडवॉल कमी दिसणे अपेक्षितच आहे. हिवाळ्यातील नर सहज ओळखू येतात, म्हणून जुन्या आणि नव्या काळाची तुलना करताना नोव्हेंबर ते जानेवारीच्या आकड्यांवर अधिक विश्वास ठेवावा आणि जुलै ते सप्टेंबरच्या आकड्यांकडे थोडे संशयाने पाहावे.

वर्षाचे तुकडे पाडावेत

‘स्थिती’ हा शब्द एकवचनी असला तरी बदकाच्या वर्षात निदान तीन स्थिती असतात. हिवाळ्यात येणारे पक्षी एक. त्यांच्यात आइसलंड तसेच उत्तर आणि पूर्व युरोपातून आलेले पक्षीही असतात. काउंटीतच वीण करणाऱ्या जोड्या दुसऱ्या. आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पिसे टाकण्यासाठी आणि शरदाच्या आरंभी चरण्यासाठी जमणारा जथा तिसरा. या तिन्ही गटांत एकाच काळात उलटसुलट बदल होऊ शकतात: हिवाळी संख्या वाढत असताना विणीच्या जोड्या स्थिर राहणे किंवा शरदातील जथा एका जलाशयावरून दुसऱ्यावर सरकणे, हे मुळीच अपवादात्मक नाही. म्हणून नोंदींचा तक्ता पहिल्या दिवसापासून महिन्यांनुसार मांडावा. हिवाळ्यासाठी वर्षाची सुरुवात जानेवारीत न धरता जुलैत धरावी, अन्यथा एकच हिवाळा दोन वर्षांत विभागला जातो.

जुन्या नोंदी वाचताना

ब्रिटनमधील गॅडवॉलचा इतिहास मुळातच थोडा चमत्कारिक आहे. ही जात हिवाळी पाहुणी म्हणून आधीपासून येत होती. वीण करणारी संख्या मात्र बऱ्याच अंशी माणसाच्या हस्तक्षेपातून उभी राहिली. 1850 च्या सुमारास नॉरफोकमधील डर्सिंगहॅम येथे बदके पकडण्याच्या सापळा-तलावात सापडलेली एक जोडी पंख छाटून नारफर्डच्या तळ्यावर सोडण्यात आली. हे काम रेव्हरंड जॉन फाउंटन यांनी केले. त्या जोडीच्या वंशजांपासून पूर्व इंग्लंडमधील वीण करणाऱ्या गॅडवॉलचा विस्तार सुरू झाला, आणि पुढे पाळीव साठ्यांतून सुटलेले व सोडलेले पक्षीही त्यात मिसळले. त्यामुळे रटलंडमध्ये गेल्या शतकात आढळलेला एखादा उन्हाळी पक्षी ‘रानटी’ होता की ‘सोडलेल्यांपैकी’, याचा निवाडा बहुतेक वेळा करता येत नाही, आणि माझ्या मते करूही नये. ‘मूळ अनिश्चित’ असे लिहून पुढे जावे. स्वतःच्या पायावर टिकलेल्या संख्येची स्थिती सांगताना वंशावळीपेक्षा विस्तार महत्त्वाचा असतो.

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील काउंटी-सूच्यांत आकडे जवळजवळ नसतातच. ‘दुर्मीळ’, ‘अधूनमधून’, ‘असामान्य नाही’ असे शब्द असतात, आणि बऱ्याच नोंदी शिकारीत मारलेल्या पक्ष्यांच्या असतात. या शब्दांचे संख्येत रूपांतर करण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी एवढेच पाहावे की लेखकाने त्याच पानावर आणखी कोणत्या बदकांना तोच शब्द वापरला आहे. गॅडवॉल आणि एखादे आजही क्वचित येणारे बदक एकाच शब्दाने वर्णिले असेल, तर त्या काळातील गॅडवॉलच्या दुर्मिळतेविषयी खरोखर काही कळते. शिवाय कोण कुठे पाहत होते, हेही लक्षात घ्यावे. मोठे जलाशय होण्यापूर्वी रटलंडमध्ये बदकांसाठी प्रामुख्याने सरदार-जमीनदारांच्या इस्टेटींवरील तळी होती, उदाहरणार्थ एक्स्टन पार्कमधील फोर्ट हेन्री पाँड्स. अशा खासगी जागांवर पोहोचणारी नजर मोजकीच असे, आणि ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘पक्षी नाही’ असा घेता येत नाही.

गणना: सर्वाधिक वेळ येथे द्यावा

ब्रिटनमध्ये रानबदकांची संघटित राष्ट्रीय गणना 1947 पासून होत आली आहे. 1993 मध्ये ती खाड्यांवरील पक्ष्यांच्या गणनेशी जोडली गेली आणि तिचे ‘वेटलँड बर्ड सर्व्हे’ झाले. संक्षेपाने तिला वेब्स म्हणतात. ठरलेल्या रविवारी, महिन्यातून एकदा, स्वयंसेवक आपापल्या पाण्यावरील सर्व पक्षी मोजतात, आणि सप्टेंबर ते मार्च या महिन्यांवर विशेष भर असतो. सर्वत्र शक्यतो एकाच दिवशी मोजण्यामागे हेतू हा की, एका तलावावर मोजलेला थवा दुसऱ्या दिवशी शेजारच्या तलावावर पुन्हा मोजला जाऊ नये. या गणनेचे स्थळनिहाय आकडे ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजीच्या वार्षिक अहवालात पाहता येतात, आणि सविस्तर आकड्यांची मागणीही करता येते.

हे आकडे हातात आल्यावर पहिली पायरी आलेख काढण्याची नाही. आधी, कोणत्या वर्षी कोणत्या महिन्यात कोणत्या पाण्याची गणना झाली, याचा एक साधा तक्ता बनवावा. त्यात बदकांचा आकडा लिहूच नये, केवळ ‘गणना झाली’, ‘झाली नाही’ किंवा ‘अपूर्ण’ एवढेच लिहावे. हा रिकामा वाटणारा तक्ता संपूर्ण अभ्यासातील सर्वांत मोलाचा कागद ठरतो. 2001 मध्ये जनावरांच्या लाळ-खुरकुताच्या साथीमुळे ग्रामीण भागातील वाटा बंद झाल्या होत्या, आणि 2020 व 2021 मध्ये कोविडच्या निर्बंधांमुळे अनेक गणना हुकल्या. अशा वर्षांतील घसरण बदकांची नसून गणनेची असू शकते. मोठ्या जलाशयांचे गणनेसाठी विभाग पाडलेले असतात. रटलंड वॉटरसारख्या ठिकाणी त्यांतील एक-दोन विभाग राहून गेले, तर एकूण आकडा पूर्ण दिसतो पण पूर्ण नसतो.

कमाल आकडा हा काउंटी-अहवालांचा लाडका आकडा आहे, आणि तोच सर्वांत जास्त फसवतो. समजा, एका काल्पनिक तळ्यावर पहिल्या दहा वर्षांत दर हिवाळ्यात केवळ जानेवारीत एकदा गणना होत असे आणि कमाल आकडा साधारण 40 येत असे. पुढील दहा वर्षांत सप्टेंबर ते मार्च दरमहा गणना होऊ लागली आणि कमाल आकडा 110 झाला. कागदावर वाढ जवळपास तिप्पट. आता दुसऱ्या दशकातील फक्त जानेवारीचे आकडे वेगळे काढले आणि ते 45 च्या आसपास निघाले, तर खरी वाढ किरकोळ आहे. उरलेली वाढ ही सात वेळा पाहण्याची आणि त्यात ऑक्टोबरचा जथा सापडण्याची आहे. म्हणून तुलना नेहमी त्याच महिन्याची त्याच महिन्याशी आणि त्याच पाण्याची त्याच पाण्याशी करावी. असे करताना कित्येक आकडे बाजूला ठेवावे लागतात. ठेवावेत.

एका वर्षाच्या कमाल आकड्याऐवजी पाच हिवाळ्यांच्या कमाल आकड्यांची सरासरी घेण्याची पद्धत वेब्समध्ये रूढ आहे, आणि काउंटी पातळीवरही ती स्वीकारावी. थंडीची एखादी लाट, उतरलेले पाणी किंवा एका रविवारी नेमके हजर असलेले दुप्पट पक्षी यांचा परिणाम त्यामुळे सौम्य होतो. काउंटीची एकूण संख्या काढताना आणखी एक चूक सर्रास दिसते: प्रत्येक पाण्याचा वर्षातील कमाल आकडा घेऊन त्यांची बेरीज केली जाते. रटलंड वॉटरवरील कमाल ऑक्टोबरमधील आणि आयब्रूकवरील कमाल जानेवारीतील असेल, तर तेच पक्षी दोनदा मोजले जाण्याची दाट शक्यता असते. बेरीज नेहमी एकाच महिन्यातील आकड्यांची करावी, आणि मग अशा मासिक बेरजांपैकी सर्वांत मोठी निवडावी.

वेब्सबाहेरील नोंदी, म्हणजे बर्डट्रॅक या ऑनलाइन पक्षीनोंद-व्यवस्थेवर किंवा थेट काउंटी रेकॉर्डरकडे (काउंटीच्या पक्षीनोंदी सांभाळणाऱ्याकडे) पाठवलेल्या नोंदी, या पद्धतशीर नसतात. कोणी बारा गॅडवॉल पाहिले तर नोंदवले जातात, दोन पाहिले तर अनेकदा नाहीत. 2004 मध्ये बर्डट्रॅक सुरू झाल्यानंतर नोंदींचा ओघच वाढला, म्हणून ‘नोंदींची संख्या’ हा स्थितीचा निकष कधीही मानू नये. मात्र जेथे निरीक्षकाने पाहिलेल्या सर्व जातींची पूर्ण यादी दिली आहे, तेथे गॅडवॉल असलेल्या याद्यांचे प्रमाण काढता येते आणि ते प्रमाण बऱ्यापैकी विश्वासार्ह असते.

पाण्याचा इतिहास लिहून काढावा

बदकांच्या आकड्यांशेजारी काउंटीतील पाण्याची कालरेषा मांडावी. तिच्याशिवाय आलेखातील उड्यांचा अर्थच लागत नाही. रटलंडमध्ये ही कालरेषा दोन मोठ्या घटनांभोवती फिरते. पहिली 1940 मधील आयब्रूक. दुसरी, एम्पिंगहॅम येथे ग्वॉश नदीचे खोरे अडवून, वेलंड आणि नीन या नद्यांचे पाणी उपसून भरलेला रटलंड वॉटर जलाशय. 1970 च्या दशकाच्या मध्यात तो भरू लागला. सुमारे 11 चौरस किलोमीटर पृष्ठभागाचे हे पाणी, क्षेत्रफळाच्या दृष्टीने इंग्लंडमधील सर्वांत मोठा मानवनिर्मित जलाशय, 382 चौरस किलोमीटरच्या काउंटीत अवतरले. एवढ्याशा काउंटीत असे पाणी आल्यावर तेथील बदकांची स्थिती बदलणे अपरिहार्यच होते. जलाशयाच्या पश्चिम टोकाला सुरुवातीपासूनच निसर्गराखीव क्षेत्र ठेवले गेले आणि उथळ तळी राखली गेली. 1991 मध्ये रटलंड वॉटरला रामसर स्थळाचा (पाणथळींविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार) आणि युरोपीय विशेष संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. तेथे जमणाऱ्या गॅडवॉल आणि शॉव्हलर, म्हणजे थापट्या, या बदकांच्या मोठ्या संख्येचा या दर्जाशी थेट संबंध आहे. रामसर कराराच्या एका निकषानुसार, एखाद्या जातीच्या प्रादेशिक संख्येपैकी एक टक्का किंवा अधिक पक्षी एखाद्या पाणथळीवर नियमित येत असतील, तर ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरते.

मोठे पाणी म्हणजे आपोआप गॅडवॉलचे पाणी नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. गॅडवॉल मुख्यतः पाणवनस्पतींची पाने आणि देठ खातो आणि त्यासाठी बुडी मारत नाही. डोके व मान पाण्यात घालून पोहोचेल तेवढेच त्याला मिळते. खोल जलाशयात त्याची सोय चांदवा या काळ्या पाणपक्ष्यामुळे होते. चांदवा बुडी मारून तळाची वनस्पती वर आणतो, आणि शेजारीच घुटमळणारे गॅडवॉल त्यातील वाटा सरळ हिसकावतात. म्हणून गॅडवॉलच्या आलेखाशेजारी चांदव्याचा आलेख ठेवणे अतिशय उद्बोधक ठरते. दोन्ही एकत्र वर-खाली होत असतील, तर कारण बहुधा पाणवनस्पतीत असते. चांदवे टिकून असताना गॅडवॉल घटले, तर कारण अन्यत्र शोधावे.

पाण्याची पातळी ही दुसरी बाब. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात पातळी उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरदात उतरते. थोडी उतरली तर वनस्पती आवाक्यात येते, फार उतरली तर उथळ खाड्या कोरड्या पडतात. रटलंड वॉटरमधून अधिक पाणी उचलण्याचे ठरले, तेव्हा त्याची भरपाई म्हणून, या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस, पश्चिम बाजूला पातळी स्वतंत्रपणे राखता येईल अशी नवी तळी खोदण्यात आली. अशी प्रत्येक घटना वर्षासह कालरेषेवर हवी. कडक हिवाळेही त्यात घ्यावेत: लहान तळी गोठली की बदके मोठ्या, उघड्या पाण्याकडे सरकतात, आणि एका काउंटीतील अचानक वाढ म्हणजे शेजारच्या काउंटीतील घट असू शकते. शिकारीचा हंगामही नोंदवावा. इंग्लंडमध्ये खाडी-किनाऱ्यापासून दूर गॅडवॉलची शिकार 1 सप्टेंबर ते 31 जानेवारी या काळात कायदेशीर आहे, आणि त्या महिन्यांत संरक्षित पाण्यावरील गर्दी काही अंशी आसऱ्यासाठी असते.

विणीचा पुरावा

येथे गॅडवॉल नवशिक्याला हमखास फसवतो. या जातीच्या जोड्या शरदातच जुळतात, त्यामुळे हिवाळाभर आणि मार्च-एप्रिलमध्ये नर-मादी बरोबर दिसतात. त्यांतील बरीच जोडपी पुढे निघून जातात. जोडी दिसली म्हणजे वीण झाली, असे मानल्यास काउंटीतील विणीची संख्या कित्येक पटींनी फुगते. शिवाय गॅडवॉल उशिरा वीण करतो: अंडी बहुधा मे आणि जूनमध्ये, साधारण 8 ते 12; मादी एकटी सुमारे साडेतीन आठवडे उबवते; पिले उडायला आणखी सुमारे सात आठवडे लागतात. म्हणून जोड्यांची गणना मे महिन्यात करावी आणि पिलांचा शोध जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत घ्यावा. एप्रिलमध्ये आटोपलेला शोध या जातीसाठी निरुपयोगी आहे.

ब्रिटिश पक्षी-नकाशांच्या कामात विणीचा पुरावा ‘शक्य’, ‘संभाव्य’ आणि ‘निश्चित’ अशा तीन पायऱ्यांत मांडतात, आणि काउंटीच्या अभ्यासातही हीच विभागणी वापरावी. गॅडवॉलसाठी निश्चित पुरावा म्हणजे व्यवहारात मादीबरोबर दिसलेली, अजून उडू न शकणारी पिले. घरटे शोधत फिरू नये. ते पाण्याजवळच्या दाट गवतात, बऱ्याचदा बेटावर असते. तेथे जाण्याने मादी उठते आणि अंडी उघडी पडतात. वापरातील किंवा बांधले जात असलेले कोणत्याही रानपक्ष्याचे घरटे जाणूनबुजून हलवणे वा नष्ट करणे हा 1981 च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्यानुसार गुन्हाही आहे. पिलांचा प्रत्येक जथा मोजताना तारीख, पिलांची संख्या आणि त्यांचा आकार लिहावा. त्यामुळे दोन आठवड्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात दिसलेला जथा तोच आहे की नवा, हे बऱ्याच अंशी ठरवता येते.

विस्तार पाहण्यासाठी राष्ट्रीय नकाशे हाताशी आहेत: विणीच्या काळाचे 1968 ते 1972 आणि 1988 ते 1991 या वर्षांतील, हिवाळ्याचा 1981 ते 1984 मधील, आणि दोन्ही ऋतूंचा 2007 ते 2011 मधील. दहा किलोमीटरच्या चौकोनांत पाहिल्यास रटलंडएवढ्या काउंटीत चौकोनच मूठभर पडतात, आणि त्यांतील बरेचसे शेजारच्या काउंटीत डोकावतात; म्हणून शक्य असेल तेथे दोन किलोमीटरच्या चौकोनांचा आधार घ्यावा. 1994 पासून चालू असलेला ब्रीडिंग बर्ड सर्व्हे सामान्य भूचर पक्ष्यांसाठी उत्तम आहे, पण यदृच्छेने निवडलेल्या एक किलोमीटरच्या चौकोनांत गॅडवॉल क्वचितच पडतो, तेव्हा काउंटी पातळीवर त्यावर विसंबू नये.

काउंटीबाहेर पाहावे

रटलंडमधील वाढीला रटलंडमधील कारण शोधण्याआधी देशभरात काय चालले होते, ते पाहावे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये गॅडवॉल सर्वत्रच वाढला; जलाशयांबरोबरच वाळू-खडी उपसल्यानंतर पाण्याने भरलेल्या खाणींनी त्याला नवे अधिवास दिले. आज देशात हिवाळ्यात सुमारे 30 हजार गॅडवॉल असतात. तुलना करण्याची सोपी रीत म्हणजे काउंटीचा पाच वर्षांच्या सरासरीचा आकडा आणि राष्ट्रीय निर्देशांक, दोन्ही एका ठरावीक वर्षी 100 धरून एकाच आलेखावर काढणे. रेषा समांतर असतील, तर काउंटी राष्ट्रीय प्रवाहाबरोबर आहे. काउंटीची रेषा आधी झपाट्याने वर जाऊन मग सपाट झाली आणि राष्ट्रीय रेषा चढतच राहिली, तर जलाशयाची क्षमता भरली असण्याचा विचार करावा लागतो, आणि तेव्हा काउंटीतील सपाट रेषेला घट समजणे चुकीचे ठरते. खरी घट ओळखण्यासाठी वेब्समधील इशाऱ्यांचे मोजमाप वापरावे: 25 टक्के किंवा अधिक घट झाल्यास मध्यम इशारा, 50 टक्के किंवा अधिक झाल्यास तीव्र.

संवर्धनाच्या राष्ट्रीय यादीत गॅडवॉल पिवळ्या, म्हणजे मध्यम चिंतेच्या गटात आहे. हा दर्जा जसाच्या तसा काउंटीला लावू नये. एखादी जात देशात चिंतेची आणि काउंटीत भरपूर, किंवा याच्या उलटही असू शकते, आणि काउंटीच्या ओळीचे काम काउंटीपुरते सांगणे हे आहे.

ओळ लिहिणे

आता विशेषणांकडे वळावे. ‘विपुल’, ‘सामान्य’, ‘अल्प’, ‘दुर्मीळ’ या शब्दांना आकड्यांच्या मर्यादा ठरवून द्याव्यात आणि त्या अहवालाच्या आरंभी छापाव्यात. पुढच्या पिढीने तोच शब्द वेगळ्या अर्थाने वापरू नये यासाठी हे आवश्यक आहे. मग ओळ अशा साच्यात बसवावी: ‘रटलंड (सध्याची प्रशासकीय सीमा, आयब्रूक पूर्ण धरून). हिवाळा: अमुक ते अमुक हिवाळ्यांत एकाच महिन्यातील कमाल बेरजांची सरासरी …, आधीच्या पाच हिवाळ्यांत …, मोजल्या गेलेल्या महिन्यांचे प्रमाण … टक्के. वीण: पिलांचे निश्चित जथे …, त्याखेरीज संभाव्य जोड्या …. शरद: सप्टेंबर-ऑक्टोबरमधील कमाल …, प्रामुख्याने रटलंड वॉटर.’ वाचायला ती रुक्ष वाटेल, आणि ‘पूर्वी क्वचित, आता भरपूर’ यापेक्षा लांबही होईल. पण वीस वर्षांनी कोणी तिच्याशी तुलना करू पाहील, तेव्हा हीच ओळ उपयोगी पडेल.

कारणांविषयीची वाक्ये आकड्यांच्या वाक्यांपासून वेगळी ठेवावीत. ‘जलाशय भरल्यानंतर संख्या वाढली’ हे निरीक्षण आहे. ‘जलाशयामुळे वाढली’ हा निष्कर्ष आहे, आणि त्यासाठी त्याच काळात आयब्रूकवर व शेजारच्या काउंट्यांत काय घडले ते दाखवावे लागते.

शेवटी, मूळ तक्ते, म्हणजे गणना झाली की नाही याचा तक्ता, स्थळनिहाय मासिक आकडे आणि पाण्याची कालरेषा, काउंटी रेकॉर्डरकडे अहवालासोबतच द्यावेत, आणि वेब्समध्ये न पोहोचलेल्या नोंदी बर्डट्रॅकवर चढवाव्यात. पुढील फेरतपासणी पाच हिवाळे पूर्ण झाल्यावर करावी. मधल्या काळात एखादे नवे पाणी तयार झाले किंवा जुने बुजवले गेले, तर ते त्याच वर्षी कालरेषेवर चढवून ठेवावे.